दहा प्रश्नांचा फॉर्म आणि दोनशे बारा मुलं

पत्र : मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते सातवी, पट २१२, शिक्षक सात. निम्म्याहून जास्त पालक दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. एक संस्था सगळ्या मुलांची ‘ट्रॉमा आणि रेझिलियन्स चाचणी’ फुकट करून द्यायला तयार आहे. आयुष्यात काय वाईट घडलं याचे दहा प्रश्न आणि मनाच्या ताकदीचे दहा. फॉर्म मोबाईलवर, वर्गशिक्षकांनी भरून घ्यायचा. चार किंवा जास्त गुण आलेल्या मुलांची यादी शाळेला मिळेल. केंद्रप्रमुख म्हणतात, करून टाका. आमच्या सहावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी गेल्या पोळ्याच्या सुमारास आत्महत्या केली, तेव्हापासून ती शाळेत जवळजवळ बोलतच नाही. अशा मुलांसाठी तरी हे करावं असं वाटतं. काय करू?

मुख्याध्यापिकाबाई, नमस्कार.

हा फॉर्म भरून घेऊ नका. संस्थेचा हेतू वाईट आहे असं म्हणायची गरज नाही. कागद ज्या कामासाठी बनला त्या कामाला वापरला जात नाहीये, एवढंच कळवा. मुलांकडे बघायचं काम मात्र सोडू नका. ते सात शिक्षकांना झेपेल अशा रीतीने करता येतं.

‘चार गुण’ म्हटल्यावर त्या दहा प्रश्नांचं मूळ गाव कळतं. अमेरिकेत सॅन दिएगोला कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आन्डा यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. १९९८ साली पहिला लेख छापून आला. दोन टप्प्यांत मिळून सतरा हजारांवर माणसं होती. लहानपणी जितक्या प्रकारचे आघात जास्त, तितकं पुढे हृदयविकार, दारू, नैराश्य यांचं प्रमाण जास्त, असं त्या सगळ्या समूहात दिसलं. हा समूहाचा हिशेब आहे. एका मुलाला चार गुण मिळाले म्हणून त्याचं पुढे काय होईल, हे त्यातून निघत नाही. खुद्द आन्डा यांनीच २०२० मध्ये सहकाऱ्यांसोबत लेख लिहून एकेका माणसाबद्दल निर्णय घेण्यासाठी हे गुण वापरू नका असं बजावलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने सरकारी आरोग्ययोजनेतल्या डॉक्टरांना अशा तपासणीमागे २९ डॉलर द्यायला सुरुवात केली, हेही खरं. पण तिथे विचारणारा त्या कुटुंबाचा डॉक्टर असतो, पुढचा उपचार त्याच्या हातात असतो, आणि कोणती गोष्ट घडली हे न सांगता फक्त एकूण आकडा लिहिण्याचीही सोय ठेवलेली आहे. वर्गशिक्षकाच्या मोबाईलशी याची बरोबरी होत नाही.

दुसरं म्हणजे, ही चाळणी तुमच्या गावाच्या धान्याची नाही. तिच्यात घरातली मारहाण आहे, दारू आहे, आई-वडिलांचं वेगळं होणं आहे, घरातलं कुणी तुरुंगात जाणं आहे. उचल (तोडीसाठी घेतलेले आगाऊ पैसे) फिटली नाही म्हणून दारात येणारा मुकादम नाही, जातीवरून मिळालेला टोमणा नाही, दुष्काळ नाही, वर्गातलं चिडवणं नाही. उलट, आई-बाप सहा महिने फडावर असणारं मूल ‘घरचे तुझ्याकडे लक्ष देतात का’ याला ‘नाही’ म्हणेल आणि दुर्लक्षित ठरेल. त्याची आजी रोज पहाटे उठून त्याला भाकरी करून घालते, हे फॉर्मला कळणार नाही.

आता आकडे मांडून बघू. समजा तुमच्या २१२ मुलांपैकी दहा टक्के, म्हणजे २१ मुलांना खरोखर मदत हवी आहे. फॉर्म बराच चांगला आहे असं धरू : गरज असलेल्या शंभरांतल्या ८० ना तो पकडतो आणि गरज नसलेल्या शंभरांतल्या ८० ना सोडतो. मग २१ पैकी १७ सापडतील आणि चार निसटतील. उरलेल्या १९१ मधली ३८ मुलं उगाच अडकतील. यादी झाली ५५ ची, आणि त्यात खरी गरज असलेलं मूल तिघांत एकही भरत नाही. प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचं तर साडेसत्तावीस तास. समुपदेशक महिन्यातून एकदा तीन तासांसाठी येत असेल, तर यादी संपेपर्यंत शाळेचं वर्ष संपतं. तोवर गावभर झालेलं असतं की अमक्याच्या पोरात ‘काहीतरी निघालं’.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती थेट तुमच्या अंगावर येणारी. त्या दहांत एक प्रश्न लैंगिक अत्याचाराचा असतोच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची धास्ती वाटली, तर ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे एका दुपारी २१२ फॉर्म भरले आणि पाच ठिकाणी ‘हो’ आलं, तर त्या पाचही बाबतींत तुम्हाला लगेच हालचाल करावी लागेल. ‘माहिती गोपनीय राहील’ असं वर छापलेलं वाक्य त्या क्षणी खोटं ठरतं. आणखी एक अवघड बाब : मूल ‘शाळेत सर मारतात’ असंही लिहील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि फॉर्म गोळा करणारे कदाचित तेच सर असतील.

म्हणून क्रम उलटा करा. आधी मदतीची वाट तयार करा, मग बघायला लागा, आणि विचारणं सगळ्यात शेवटी.

वाट म्हणजे एक पानभर कागद. त्यावर चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. मग तुमच्या पोलीस ठाण्यातल्या महिला अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती, आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग : नाव, नंबर, कोणत्या वारी कोण भेटतं. शाळेत दरवर्षी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातल्या डॉक्टरांचा नंबरही घ्या. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यांची ठरलेली यादी शरीराच्या आणि वाढीच्या दोषांची आहे, मनाच्या आघाताची नाही. पण तालुक्याच्या डॉक्टरकडून चिठ्ठी असेल तर जिल्ह्याच्या रुग्णालयात हेलपाटे कमी होतात. प्रत्येक नंबर स्वतः एकदा लावून बघा. भिंतीवर रंगवलेला नंबर बंद असणं ही आपल्याकडची नेहमीची गत आहे. सखी सावित्री समिती आणि ग्राम बाल संरक्षण समितीला ही व्यवस्था जरूर सांगा, मात्र मुलांची नावं बैठकीत कधीही नको. गाव लहान असतं.

पालकांची संमती टोळ्या हलायच्या आत हवी. पालकसभा गणपती ते घटस्थापना यांच्या मधे घ्या. दिवाळीनंतर घेतलीत तर सही करायला घरी फक्त म्हातारी माणसं असतील. पत्र वाचून दाखवा, दोन मिनिटांत संपेल असं ठेवा : शाळा मुलांच्या वागण्याकडे आणि तब्येतीकडे लक्ष ठेवणार आहे, गरज वाटली तर मुलाशी एकट्याने बोललं जाईल, कागद मुख्याध्यापिकेच्या कपाटात राहील, नको असेल तर नाही म्हणता येईल. आई-वडील नसताना मुलाबाबत कुणाला विचारायचं, त्या नातलगाचं नाव त्यावरच लिहून घ्या. पुढे मुलाशी बोलण्याआधी त्याचाही होकार विचारा. घरातच अत्याचार होत असल्याचा संशय असेल तिथे पोलिसांना कळवायला पालकांची परवानगी लागत नाही.

बघण्याची पद्धत अमेरिकी शाळांत जुनी आहे आणि कागद-पेन्सिलीवर होते. सत्र सुरू होऊन किमान दोन महिने झाल्यावर प्रत्येक वर्गशिक्षकाने सहा नावं लिहायची. तीन मुलं अशी, ज्यांचा त्रास वर्गाला होतो : मारामारी, उलट बोलणं, वस्तू फोडणं. आणि तीन अशी, जी वर्गात असून नसल्यासारखी : दचकणारी, पोट दुखतं म्हणून सारखी बाहेर जाणारी, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणून पुन्हा दिवसभर तोंड न उघडणारी. दुसऱ्या तिघांचा आग्रह धरा. नुसतं ‘त्रासातली मुलं सांगा’ म्हटलं की शिक्षक पहिल्या तिघांचीच नावं देतात, कारण डोकं त्यांचंच दुखतं. सात वर्गांची मिळून ४२ नावं होतील. हजेरीपट बाजूला ठेवा आणि ज्याची हजेरी एकाएकी घसरली, जो अचानक मागे पडला किंवा उतरला, त्याचं नाव यादीत नसेल तर घाला.

या मुलांसाठी वर्गशिक्षकांनी एसडीक्यू ही मुलाच्या अडचणी आणि चांगले गुण टिपणारी प्रश्नावली भरावी. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली ती प्रसिद्ध केली. २५ विधानं आहेत, मागच्या सहा महिन्यांच्या वागण्याबद्दल. चार ते सतरा वयाच्या मुलांसाठी शिक्षक किंवा पालक ती भरतात, अकरा वर्षांपुढचं मूल स्वतः भरू शकतं. एका मुलाला पाच मिनिटं, म्हणजे सहा मुलांमागे एका शिक्षकाचा अर्धा तास जातो. भूतकाळाबद्दल ती एकही प्रश्न विचारत नाही, म्हणूनच ती इथे कामाची. तिच्यात पाच विधानं दुसऱ्याला मदत करणं, वाटून घेणं अशा गुणांचीही आहेत. ती त्रासाच्या बेरजेत धरायची नाहीत. उरलेल्या वीस विधानांची बेरीज ० ते ४० येते. दोन चुका हमखास होतात. एक, काही विधानं उलट्या अर्थाची असतात, त्यांचे गुण उलटे मोजायचे राहून जातं. दोन, गुणांच्या छापील पायऱ्या ब्रिटनमधल्या मुलांवरून ठरवलेल्या आहेत. त्या इथे तंतोतंत लावू नका. तुमच्या यादीतले सगळ्यात जास्त गुणांचे बारा-पंधरा जण निवडा, एवढाच या गुणांचा उपयोग. भाषांतर अधिकृत असेल तेच घ्या, घरी बसून शब्द बदलू नका.

एकट्याने बोलणं या बारा-पंधरांशीच. ते शिक्षकाने करू नये असं आमचं मत आहे, आणि त्याला आधार आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मुलांशी बोलण्यासह शाळेतलं आरोग्याचं एकच काम काही शाळांत शिक्षकांवर सोपवलं, काही शाळांत प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या साध्या समुपदेशकांवर. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. संस्थेला खरंच मदत करायची असेल, तर फॉर्मऐवजी आठवड्यातून एक दिवस असा माणूस वर्षभर द्या म्हणावं. या मागणीवर ती काय म्हणते, त्यावरून तिचंही पाणी जोखता येईल.

बोलायची जागा अशी हवी की दिसेल, पण ऐकू येणार नाही : दार उघडं, इतर मुलं लांब. माईकवरून नाव पुकारू नका, खिचडीच्या वेळी बोलावू नका. वजन-उंची मोजायच्या दिवशी त्याच ओघात एकेकाला बसवलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. पहिलं वाक्य ठरलेलं असावं : “तू सांगशील ते मी कुणाला सांगत फिरणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल, तर तुला मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल.” मग झोप, भूक, पोटदुखी, भीती. मुलाने काही गंभीर सांगितलं तर “मग काय झालं?” एवढंच विचारा. “काकांनी हात लावला का?” असा प्रश्न तोंडात शब्द घालतो, आणि पुढे कोर्टात मुलाचीच बाजू लंगडी पडते. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख-वेळ टाका, अंगावरचे वळ तपासायला जाऊ नका, ज्याचं नाव आलं त्याला जाब विचारायला तर अजिबात जाऊ नका. त्याच दिवशी कळवा. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकत नाही. पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेश न घालता, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावू नये, हे तुम्हीही पाळा.

एखादी ठरावीक घटना माहीत असेल, जसं अपघात, घर जळणं, घरातला मृत्यू, तर आठ प्रश्नांची क्राइस-८ ही फुकट मिळणारी प्रश्नावली आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी चालते. वर घटनेचं नाव लिहायचं आणि मागच्या सात दिवसांबद्दल विचारायचं : ते आठवतं का, टाळावंसं वाटतं का. उत्तरांना ०, १, ३, ५ असे गुण आहेत. दोन नाहीच. बरेच जण सवयीने ०, १, २, ३ मोजतात आणि त्रासातलं मूल ‘ठीक’ ठरतं. बेरीज १७ किंवा जास्त आली तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. घटनेनंतर पहिल्या महिन्यात मात्र ही वापरू नका. त्या काळात दचकणं, अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं बहुतेक मुलांत दिसतं आणि बरंचसं आपोआप ओसरतं. गावात अपघात झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वर्गाला गोल बसवून ‘सगळं मोकळेपणी सांगा’ करण्याचा उत्साहही टाळा. त्याने फायदा होत नाही.

राहिली ‘रेझिलियन्स’. मराठीत उभारी म्हणू. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात मायकेल उंगर यांच्या गटाने बनवलेली १७ विधानांची प्रश्नावली या कामाला वापरतात. मुलाच्या आतली ताकद आणि त्याची काळजी घेणाऱ्या माणसांशी नातं, असे तिचे दोन भाग. भूक लागली तर घरात पुरेसं खायला असतं का, हेही एक विधान आहे. यावरून लक्षात येईल की उभारी ही मुलाच्या छातीत मोजायची वस्तू नाही, त्याच्या आजूबाजूला काय आहे याचा तो हिशेब आहे. तुमच्या संस्थेचे दहा प्रश्न सगळे ‘मी’ने सुरू होत असतील, तर ज्याला कुणी नाही तो मुलगाच ‘कमकुवत’ ठरेल. शिवाय ‘काळजी घेणारी माणसं’ म्हणजे आई-बाप की आजी की वसतिगृहातल्या ताई, हे आधी ठरवल्याशिवाय कुठलंही मूल नीट उत्तर देणार नाही.

आम्ही तर मोजायच्या फंदात न पडता बोलताना चारच गोष्टी विचारू : घरी भूक लागली तर काय करतोस, आजारी पडलास तर कुणाला सांगशील, आई-बाबांशी फोनवर शेवटचं कधी बोललास, शाळेत कुणाशेजारी बसायला आवडतं. चारपैकी जिथे ‘कुणी नाही’ येईल तिथे शाळेचं काम सुरू होतं. फोनची गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी आहे. टोळी निघण्याआधी प्रत्येक कोयत्याचा (तोडीला जाणाऱ्या जोडप्याचा) कारखाना, गावाकडचा आणि फडावरचा नंबर, मुकादमाचा नंबर लिहून घ्या. वसतिगृहात आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरवा, उदाहरणार्थ रविवारी संध्याकाळी सात. वार ठरलेला असला की मूल वाट बघू शकतं. अधूनमधून, जमेल तसा लावलेला फोन त्याला उलट जास्त बेचैन करतो.

कागदांबद्दल थोडक्यात. नाव एका वहीत, उत्तरं दुसऱ्या कागदावर, मधे फक्त क्रमांक. वही तुमच्या कुलपात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नाही, संचयी नोंदपत्रकात नोंद नाही, दाखल्यावर शेरा नाही. संस्थेला आकडे हवेच असतील तर ‘इतक्या मुलांशी बोललो, इतक्यांना रुग्णालयात पाठवलं’ एवढेच द्या.

आता सहावीतली ती मुलगी. तिच्यासाठी कुठलीच चाचणी लागत नाही, तुम्हाला ती आधीच दिसली आहे. जवळजवळ वर्ष झालं, म्हणजे आपोआप ओसरण्याचा काळ सरला. या आठवड्यात तिच्या आईला घरी जाऊन भेटा आणि दोन गोष्टी विचारा. मुलगी घरी बोलते का? घरी बोलते आणि शाळेत नाही, तर शाळेत तिला कुणी वडिलांवरून काही म्हणालं का, हे शोधा. दोन्हीकडे गप्प असेल तर जिल्हा रुग्णालयात न्यायलाच हवं, आणि पहिल्या खेपेला शाळेतलं कुणीतरी सोबत जावं. दुसरा प्रश्न, आई यंदा तोडीला जाणार का? जाणार असेल तर मुलीला वर्षात दुसरा धक्का बसेल. एका पालकावर असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. या पैशावर आईचं थांबणं जमेलच असं नाही, पण अर्ज दसऱ्याच्या आत गेला पाहिजे.

मुलीशी बोलताना समोरासमोर बसवू नका. तिला आवडणाऱ्या बाईंनी शेजारी बसून वह्यांना कव्हर घालावं, असं काहीतरी. “तुझ्या बाबांबद्दल मला माहीत आहे. त्यात तुझी काही चूक नव्हती. बोलावंसं वाटलं तर मी मधल्या सुट्टीत इथे असते.” एवढं पुरे, आणि मग खरंच तिथे असावं. तिच्या तोंडून ‘मलाही जगायचं नाही’ असं काही आलं किंवा वहीत दिसलं, तर सरळ विचारा : “मरून जावं असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, तिच्यासमोरच १४४१६ लावा आणि त्याच दिवशी आईसह रुग्णालय गाठा.

पोळा तोंडावर आला आहे. तो आठवडा तिला जड जाईल, वर्षश्राद्धही त्याच सुमारास असेल. त्या दिवसांत गैरहजर राहिली तर कारण विचारायला वर्गातलं मूल पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. आणि सहावीच्या निबंधांच्या यादीत ‘माझे बाबा’ हा विषय असेल, तर यंदा तो काढून ठेवायला वर्गशिक्षकांना आजच सांगा.